गवताला पाजलेली मळी

यंदाही आधी वास आला आणि मग धुराडं दिसलं.

शनिवारी कंपनी सुटल्यावर मी घरी न जाता शिरूरच्या स्टँडवरून चौफुल्याची एसटी धरली होती. न्हावरं मागे पडलं तशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली, एसटीचा वेग बैलगाडीवर आला आणि उघड्या खिडकीतून तो वास आत शिरला. जाड, ओलसर, किंचित जळका, तळाशी आंबूस. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. "सुटला बाई कारखान्याचा घमघमाट," त्या म्हणाल्या आणि मी हसले. त्यांना वाटलं, मलाही तो नकोसा झालाय. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. गळीत हंगामाचा हा वास मला आवडतो असं सांगितलं तर का आवडतो तेही सांगावं लागतं, आणि ते सांगायला एक अख्खा हिवाळा लागतो.

तो वास मळीचा. आमच्या भागात मळी म्हटलं की काहींना शेतात टाकायचा कारखान्याचा गाळ आठवतो. मी म्हणते ती पातळ, काळी मळी. कारखान्यातले लोक तिला मोलॅसिस म्हणतात. उसाचा रस आटवायचा, त्यातून साखरेचे दाणे वेगळे काढायचे, उरलेला पाक पुन्हा आटवायचा, पुन्हा दाणे काढायचे. असं करता करता एक वेळ अशी येते की पाक अजून गोड असतो, पण त्यातून दाणा म्हणून निघत नाही. तिथे कारखाना हात टेकतो. जे उरतं ती मळी. शिरूरच्या माझ्या इंग्रजी शाळेत हे सगळं एका ओळीत आटोपलं होतं: मोलॅसिस हा साखर उद्योगाचा बायप्रॉडक्ट आहे. शाळेच्या बसमधून आम्ही रोज ज्या ट्रॉल्यांच्या मागे अडकायचो त्यांचा आणि त्या ओळीचा संबंध मी बरीच वर्षं लावला नव्हता.

तो हिवाळा आला तेव्हा माझं बी.एस्सी. संपलं होतं आणि पुढचं काहीच सुरू झालं नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण 'मग आता काय?' असं विचारायचा आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचे. शेवटी आईच म्हणाली, "जा, काकूकडे राहून ये थोडे दिवस. तिथे कुणी विचारणार नाही."

काका-काकू भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात राहतात. स्लॅबचं घर, पुढे पत्र्याचा गोठा, मागे कालव्याची चारी. काका कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. आबा, म्हणजे माझे आजोबा, केडगावच्या बाजारात मापाडी होते. आलेलं धान्य मोजायचं, पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून आतला माल बाहेर काढून बघायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. हात थरथरायला लागले तेव्हा घरी बसले. आणि गोठ्यात सहा गाई. त्या नावाला काकांच्या होत्या, ओळखायच्या मात्र फक्त काकूला.

मी पोचले त्या संध्याकाळी बोलणं गाईंवरूनच चाललं होतं.

"दर उन्हाळ्याला वैरण हुडकत दारोदार हिंडायचं, मला न्हाई जमायचं आता," काका बूट काढता काढता म्हणत होते. "शिफ्ट करून आलं की पळ ट्रॅक्टर घेऊन. औंदा उन्हाळ्याच्या आत चाऱ्याची सोय झाली तर ठीक. न्हाईतर व्यापाऱ्याला बोलावतो आन् सगळी दावण मोकळी करतो."

"सोय झाली तर ऱ्हातील न्हवं?" काकूने विचारलं.

"झाली तर ऱ्हातील."

"आबा, ऐकताय ना? तुमच्या लेकाचा सबूद हाय." मग तिला दारात मी दिसले. "आन् तूबी साक्षीदार गं बाई. बरी येळेवर आलीस. पाय धू आधी."

काकूची सोय म्हणजे मुरघास. ओला चारा बारीक कापायचा, खड्ड्यात दाबून दाबून भरायचा आणि वरून प्लास्टिकने असा बंद करायचा की हवेचा कण आत जाऊ नये. आत तो मुरतो, लोणच्यासारखा आंबट होतो आणि मग महिनोन् महिने टिकतो. आजूबाजूला सगळे मक्याचा मुरघास करायचे. काकूकडे मका नव्हता. बांधाबांधाने लावलेलं उंच हत्तीगवत होतं, तेवढंच. मक्याच्या अंगात साखर असते, तो आपला आपण मुरतो. गवताच्या अंगात ती पुरेशी नसते. नुसतं दाबून ठेवलं तर मुरायच्या ऐवजी ते कुजतं. दूध घालायला गेल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी काकूला सांगितलं होतं की गवताला वरून मळी पाजा, मग बघा. गावात तोवर गवताचा मुरघास कुणी केला नव्हता. "कुजंल," असं सगळे म्हणाले. काकांनी तर तोंडानेही म्हटलं नाही, नुसते हसले.

मळी पशुखाद्याच्या दुकानातून टेम्पोने आली, निळ्या बॅरलमध्ये. काकूने झाकण फिरवून काढलं आणि मी आत डोकावले तेव्हा मला वाटलं, बॅरल रिकामं आहे. आत नुसता अंधार होता. मग त्या अंधारात आकाश दिसलं आणि आकाशात माझं डोकं. मी आरशात बघते तशी चटकन बाजूला झाले.

काकूने तपेलं बुडवलं आणि वर उचलून तिरकं केलं. मी तोवर पाणी, तेल, दूध, पाक, असं बरंच काही ओतताना पाहिलं होतं. मळी ओतली जात नाही, ती उतरते. तपेल्याच्या काठावर थोडा वेळ थांबून विचार करते, मग जाड दोरीसारखी खाली येते आणि टेकली की स्वतःवरच वेटोळी घालत बसते. आवाज मुळीच नाही. उन्हात धरली तर मधे काळी आणि कडेला तांबडी, गोमेदासारखी. थंडीच्या सकाळी तर ती जागची हलायचीच नाही. काकू बॅरल उन्हात सरकवून ठेवायची आणि तिला म्हणायची, "बस जरा शेकत. ऊन झालं की ये."

मी बोट लावून चाखली. आधी गोड, मग खारट, मग कडू, आणि बऱ्याच वेळाने, ती संपली असं वाटल्यावर, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी.

"काय? चॉकलेट हाय का?" काकूने विचारलं.

"माहीत नाही. तशीच थोडी."

"मग चाट अजून. रगात वाढतंय म्हणत्यात. तुझ्या अंगात कुठं हाय रगात, नुसती पुस्तकं भरल्यात."

त्या बॅरलभोवती अंगण हळूहळू वेगळंच वागायला लागलं. कुठून कुठून मुंग्या आल्या आणि त्यांनी भिंतीवरून एक बारीक काळी वाट पाडली. मधमाश्या आल्या. वाळलेल्या कडब्याकडे ढुंकूनही न बघणारी चांदी, म्हणजे गोठ्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खट गाय, त्याच कडब्यावर काकूने मळीचं पाणी शिंपडलं की आधी कडबा चाटायची, मग खायची, मग पाटी चाटायची. आबांनी नारळाच्या करवंटीत बोटभर मळी घालून ती गोठ्याच्या खांबाला बांधली. दुपारपर्यंत करवंटी माशांनी भरून गेली. उकिरड्यावर शिंपडली तर उकिरड्यातून वाफ निघायला लागली. ज्याच्यावर पडेल त्याला ती काही ना काही करायला लावत होती.

खड्डा दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत भरला. गवत कापून थोडं सुकवलं होतं. कुट्टीच्या यंत्रातून हिरवा पाऊस पडत होता, ट्रॅक्टर त्याच्यावर पुढे-मागे फिरून ते दाबत होता, आणि जिथे चाक पोचत नाही त्या कोपऱ्यांत काकू स्वतः अनवाणी उभी राहून टाचांनी गवत तुडवत होती. माझ्या हातात झारी. तिच्यात कोमट पाण्यात कालवलेली मळी.

"तुळशीला घालतीस का गं? मोकळ्या हातानं घाल," काकू खड्ड्यातून ओरडली. "हिकडं पाजशील आन् तिकडं उपाशी ठिवशील. सगळ्यांच्या तोंडात गेली पायजे."

हे 'सगळे' म्हणजे कोण ते तिने सांगितलं नाही. मला वाटलं, गवताची पाती. मी थरावर थर शिंपत गेले. माझे हात, केस, ओढणी, सगळं चिकट झालं. आबा काठावर खुर्ची टाकून 'हितं राहिलं, तिथं राहिलं' सांगत होते. भरता भरता गवताचा ढीग खड्ड्याच्या वर आला, म्हशीच्या पाठीसारखा. मग त्यावर जाड प्लास्टिक, कडेने माती, वर जुने टायर. काकूने सगळ्या बाजूंनी हात फिरवून पाहिला, जसा आपण गादीच्या खोळीवर फिरवतो. "आता होळीपतूर कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली आणि जाऊन झोपली.

त्यानंतरचे आठवडे मी त्या ढिगाच्या आसपासच असायचे. पुस्तक हातात असायचं, लक्ष नसायचं. आत काय चाललं असेल ते मला तसं माहीत होतं. डोळ्यांना न दिसणारे जीव आत मळी खात होते, तिचं आम्ल करत होते, आणि ते आम्ल गवताला सडू देत नव्हतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये मी त्यांची चित्रं काढली होती, पेन्सिलीने, लांबुळकी, एकासारखी एक. मार्क चांगले मिळाले होते. पण त्यांचा एवढा मोठा गाव पायांखाली आहे, तो जेवतो आहे, आणि त्याला मी झारीने वाढलं आहे, हे कळल्यावर त्या ढिगाजवळून जाताना माझं पाऊल हळू पडायला लागलं. काकूच्या 'सगळ्यांच्या तोंडात' या शब्दांचा पत्ता मला तेव्हा लागला.

काका आले की आधी हात-तोंड साबणाने दोनदा धुवायचे. कंपनीचा वास घरात नको म्हणून. एकदा बॅरलजवळ उभे राहून मला म्हणाले, "आमच्याकडं ड्रमानं स्पिरिट येतं ना, ते हिचंच लेकरू. त्याच्यात औषधं बनत्यात. करोनात हाताला चोळत होता तेबी हिचंच."

"आणि पेट्रोलमध्ये घालतात ते?" मी विचारलं.

"तेबी. आन् पावाचं यीस्ट हिच्यावरच वाढवत्यात. आन् संध्याकाळचं चौकात डुलत्यात त्यांचं तर इचारूच नगं." ते बॅरलवर बोटं वाजवत राहिले. "काय एकेक आवलादी हायत बघ हिच्या. पर तुझ्या काकूचं गवत काय हिच्यानं तरत न्हाई."

मी त्या काळ्या आरशात पुन्हा डोकावले. गोळी, पाव, दारू, गाडीची टाकी, दवाखान्याच्या दारातला तो गार थेंब. कारखान्याने जिच्यातून शेवटचा दाणा काढून झाल्यावर जिला बाजूला सारलं, तिच्यात एवढं उरलेलं होतं. आणि ती तशीच शांत, वर आकाश घेऊन बसलेली.

संक्रांत झाली. हवेतली थंडी सैल पडली. एका दुपारी ढिगाच्या मागच्या अंगाला, जिकडे कुणी फारसं जात नाही, मला बारीक चिलटं दिसली. मी वळसा घालून गेले तर तिथे आबा उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात ती लोखंडी नळी होती, बाजारातली.

ते दचकले नाहीत. उलट मला हाताने जवळ बोलावलं. नळीच्या पन्हळीतून आलेलं चिमूटभर गवत तळहातावर पसरलेलं होतं.

"हे बघ. रंग बघ. आता वास घे."

मी वाकून वास घेतला आणि क्षणभर सगळं विसरले. ताक, उसाचा रस, पिकायला ठेवलेली फळं, पाऊस पडून गेलेलं लाकूड. ते अजून गवत होतं आणि आता गवत राहिलेलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा मुलाचा निकाल हातात आल्यासारखा झाला होता.

"रोज बघतो मी," ते हळूच म्हणाले. "काल हिकडनं, आज तिकडनं. सून येवढी राबली. आत माल कसा हाय ते कुणी बघाया नगं व्हय?"

तेव्हा मला भोकं दिसली. मागचं सगळं अंग भोकांनी भरलं होतं. बोट जाईल एवढी, एका ओळीत, नीट. प्रत्येकाभोवती काळसर ओल आणि ओलीवर चिलटं.

"आबा, ही भोकं..."

"ती मिटत्यात." त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवली. "जलमभर पोत्यात खुपसली ही नळी. काढली की बारदान आपसूक मिटतंय. दाणा सांडत न्हाई."

मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही, लहानांनाही नाही. पण ढीग समोर होता आणि त्याच्या आत सहा गाईंचा उन्हाळा होता.

"प्लास्टिक मिटत नाही, आबा."

"काय?"

"प्लास्टिक मिटत नाही. हवा आत जाते. हवा गेली की आतलं मुरत नाही, सडतं."

"येवढ्याशा भोकातनं?"

"हो."

त्यांनी नळी खाली ठेवली. एका भोकावर अंगठा दाबला. मग दुसऱ्या हाताचा अंगठा दुसऱ्या भोकावर. आणि उरलेल्या भोकांकडे बघत ते तसेच बसून राहिले.

काकू डेअरीवरून आली तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी आत होते, मला ऐकू आलं. "सूनबाई, तुझ्या खड्ड्याची मी चाळणी केली."

काकूने किटली खाली ठेवली. मागे जाऊन सगळं पाहिलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता घरात आवाज चढणार. ती ओट्यावर बसली, पदराने कपाळ पुसलं.

"आबा," ती म्हणाली, "गावाची पोती फोडून तुमचं मन भरलं न्हाई व्हय? माझंबी पोतं फोडलं?"

"माल चांगला हुता गं."

"हुता!" काकू उठली. "चला आता. उभं काय ऱ्हायलाय. चिकटपट्टी आणा, शेण-माती कालवा. ए साक्षीदार, तूबी ये."

आम्ही तिघांनी मिळून एकेक भोक बुजवलं. पट्टी, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा, पुन्हा पट्टी, वरून शेण-मातीचा लेप. आबा प्रत्येक लेप तळव्याने दाबून धरायचे आणि बराच वेळ हात काढायचे नाहीत.

काकांना कळल्यावर ते या वेळी हसले नाहीत. "आबा, तुम्हीबी कमाल करता," एवढंच म्हणाले आणि काकूकडे वळले. "मग सांगू का व्यापाऱ्याला?"

"उघडल्याबिगर काय सांगायचं न्हाई."

"आन् सडकं खाऊन गाभण गाय लवंडली म्हंजी?"

"सडकं घालीन व्हय मी तिला? तोंडचा घास काढून घालते मी."

शेवटी ठरलं असं की होळीच्या आधी काका सुट्टी घेतील त्या दिवशी खड्डा उघडायचा आणि व्यापाऱ्यालाही त्याच दिवशी यायला सांगायचं. माल चांगला निघाला आणि गाईंनी तोंड लावलं तर तो रिकाम्या हाताने जाईल. नाही तर गाई घेऊन.

त्या दिवसापासून आबा ढिगाकडे पाठ करून बसायला लागले.

आता मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. माझं कामच सॅम्पल काढण्याचं. बंद पिशवी फोडायची, थोडं काढायचं, तपासायचं, आणि ती फोडलेली पिशवी पुन्हा मालात मिसळायची नाही, हा नियम. पहिल्या आठवड्यात हा नियम कुणीतरी मला समजावून सांगत होतं आणि मला आबांचे ते दोन अंगठे दिसत होते. एखाद्याच्या आत काय चाललंय ते बघावंसं वाटणं, रोज वाटणं, यात वाईट ते काय? मलाही आई रोज विचारायचीच की, काय चाललंय तुझ्या मनात. पण काही गोष्टी कुणी बघत नसेल तेवढ्याच वेळात होतात. मळी आत उतरली होती, काळोख होता, वरून वजन होतं. तिला फक्त एकटं राहायचं होतं.

उघडायच्या दिवशी ऊन लवकर तापलं. काकांनी टायर बाजूला केले, माती ओढली, आणि काकूने विळ्याने प्लास्टिक एका टोकापासून चिरत आणलं.

आधी जो वास आला तो सडक्याचाच होता. वरचा थर काळा, बुळबुळीत. मागच्या अंगाला पांढरी बुरशी, कापसासारखी. काकांनी तोंड फिरवलं. आबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मग काकू गुडघ्यावर बसली आणि हातांनी उकरायला लागली. सडकं मूठ मूठ काढून मागे फेकत ती आत आत जात होती आणि तेव्हा आम्हाला त्याचा आकार दिसला. प्रत्येक भोकाखाली सड नरसाळ्यासारखी उतरली होती, वर रुंद, खाली निमुळती, आणि बऱ्याच ठिकाणी हातभर जाऊन थांबली होती. आम्ही भोकं बुजवली तिथेच ती थांबली असावी. दोन नरसाळ्यांच्या मधे, आणि त्यांच्या खाली सगळीकडे, जुन्या पितळेच्या रंगाचं काहीतरी होतं.

काकूने कोपरापर्यंत हात घालून आतलं ओंजळभर बाहेर काढलं. गार होतं. घट्ट मुठीत दाबलं तर पाणी गळलं नाही, मूठ उघडली तर हळूच सुटं झालं. आणि तो वास. त्या दुपारी चिमटीत आला होता तो आता खड्डाभर होता. अंगणभर. बांधावर वाढलेलं, पात्यांनी हात कापणारं ते राकट गवत. त्याला थोडं गोड पाजलं आणि काळोखात ठेवलं, तर त्याचं हे झालं. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते, देवळात उभी असल्यासारखी.

"आबा, या हिकडं," काकू म्हणाली. "आता घाला काय हात घालायचा तो."

ते आले. संबंध सकाळ ते सडकं आणि चांगलं वेगळं करत राहिले, हात थरथरत होते तरी. शेवटी काकूने विचारलं, "आता माप सांगा. पुरंल का पावसापतूर?" आबा खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. ओठ हलत होते. परत आले आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "पाऊस लांबला न्हाई तर पुरंल. हात राखून घातलं तर उरंलबी."

राहिलं होतं ते गाईंनी खाण्याचं. व्यापाऱ्याचा फोन एकदा येऊन गेला होता. तो निघाला होता.

काकूने पाटी भरून चांदीच्या पुढ्यात ठेवली. तिने नाक खुपसलं, फुर्रकन शिंकरली आणि मान वळवली. शेजारच्या गाईनेही तिचं बघून तेच केलं. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "वरनं मळी शिंपड की थोडी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाटलं त्यापेक्षा हळू होता. "मग खातील."

"नगं," काकू म्हणाली. "ती आतच हाय."

आम्ही थांबलो. गोठ्यात शेपट्या हलण्याचा आवाज होता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांचा. चांदीने पुन्हा मान वळवली. एकदा हुंगलं. जीभ बाहेर काढून कडेचं थोडंसं उचललं, तोंडात घोळवलं, डोळे कुठेतरी लांब लावून उभी राहिली, जणू तिला काहीतरी आठवत होतं. मग तिने तोंड पाटीत घातलं आणि वर काढलंच नाही. शेजारणीने दावं ताणून तिच्या पाटीत तोंड घुसवलं. काकू पळत पुढची पाटी भरायला गेली, मी तिच्यामागे. काही वेळाने गोठ्यात एकच आवाज उरला, सहा तोंडांचा, सावकाश, ओलसर.

काका खाली बसले. पाटीतलं चिमूटभर उचलून त्यांनी नाकाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. कंपनीत कशाचाही असा वास घ्यायला त्यांना बंदी आहे.

"हे गोड हाय का आंबट?" त्यांनी विचारलं.

"गाईला इचारा," काकू म्हणाली.

खिशातला फोन वाजला. व्यापारी चौफुल्यापर्यंत आला होता, रस्ता विचारत होता. त्याचा मोठा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. काकांनी दावणीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आज नगं येऊ," ते म्हणाले. "न्हाई, उद्याबी नगं. आरं, जनावरं जेवायला बसल्यात."